दहावीच्या मुलांचं पुढचं नियोजन: आठवड्याला एक तास आहे, त्यात नेमकं काय बसवू?

दहावी_ब:

नमस्कार. परळ भागातल्या अनुदानित मराठी शाळेत दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. पट ५१, त्यातली २२ मुलं सेमी इंग्रजीची, बाकीची पूर्ण मराठी माध्यमाची. यंदा मुख्याध्यापकांनी दर शनिवारी एक तास ‘पुढचं शिक्षण’ म्हणून वेळापत्रकात दिला आहे. समुपदेशक नाही, पैसे नाहीत. सहामाही, स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षा वजा केल्या तर जानेवारीअखेर फार तर २० तास हाती लागतील. जवळजवळ सगळ्या घरांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे.

अडलंय ते असं. पहिलं म्हणजे कल चाचणी विकणारे येऊन गेले, दर मुलामागे पैसे मागतात. घ्यावी का? दुसरं, ‘तुला काय आवडतं’ असं विचारलं की मुलं गप्प बसतात किंवा इंजिनीअर म्हणतात, गाडी तिथेच थांबते. शाखा निवडताना त्यांच्यासमोर ठेवायचं तरी काय? तिसरं, कोणते कागद आत्तापासून जमवायला सांगू? आणि अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मुलं दरवर्षी कुठे चुकतात?

मोघम सल्ला नको, शनिवारी फळ्यावर लिहिता येईल असं सांगा.

पोयसर:

बाई, कल चाचणीवर एक रुपयाही घालू नका. राज्य मंडळानेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. मुलाचा कल ‘तांत्रिक’ आहे एवढं त्यातून कळतं. पण अकरावीला जीवशास्त्र सोडलं तर पुढे काय बंद होतं, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. दहावीत निर्णय घ्यायचा असतो तो नेमका हाच. पोरगं काय होणार हे ठरलं नसेल तरी बिघडत नाही. कोणता विषय सोडला की कोणती वाट बंद होते, हे मात्र सोडण्याआधी माहीत हवं.

पहिले दोन शनिवार फक्त गुणपत्रिका वाचायला शिकवा. मी एक नमुना देतो, तो फळ्यावर घ्या. मराठी ८८, हिंदी ७९, इंग्रजी ७१, गणित ६४, विज्ञान ७६, समाजशास्त्र ८४. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो, म्हणजे ५०० पैकी ३९८, म्हणजे ७९.६ टक्के. घरचे म्हणणार, ऐंशी टक्के आहेत, सायन्सला टाकू. पण गळालेला विषय गणित आहे. त्या ६४ मध्ये २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. समजा तिथे १९ मिळाले, तर लेखी ८० पैकी फक्त ४५ उरले. बीजगणित आणि भूमिती मिळून ५६ टक्के. अकरावीचं गणित आणि भौतिकशास्त्र या ५६ वर उभं राहणार आहे, ७९.६ वर नाही. प्रत्येक मुलाला नववीच्या आणि सहामाहीच्या गुणांवरून हे गणित स्वतःच्या वहीत करू द्या. हा एक तास दहा भाषणांचं काम करतो.

आता वाटा कुठे बंद होतात ते.

विज्ञान शाखेत गणित सोडून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलं तर इंजिनीअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, मर्चंट नेव्हीही गेली. जीवशास्त्र सोडलं तर नीटवरचे (वैद्यकीय प्रवेश परीक्षेवरचे) सगळे कोर्स गेले: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, आपल्या राज्यात फिजिओथेरपीसुद्धा. नर्सिंगची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) वेगळी असते, पण तिलाही जीवशास्त्र लागतंच. बी.फार्म. दोन्ही गटांना खुलं आहे, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. ज्याचं ठरत नाहीये आणि ज्याचं गणित बरं आहे, त्याने चारही विषय घेतले तर दोन्हीकडचा रस्ता राहतो. मात्र भार खराच मोठा आहे. लेखी गणितात ६० टक्क्यांच्या खाली असणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही.

बायफोकलबद्दल वेगळं सांगतो, कारण मुंबईत त्याचं फार आकर्षण आहे. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल हा २०० गुणांचा विषय. तो दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय अशा दोघांची जागा घेतो, आणि तो पर्यायी विषय बहुतेक वेळा जीवशास्त्रच असतो. म्हणजे ‘डॉक्टर व्हायचंय, पण कॉम्प्युटरला मार्क चांगले पडतात’ म्हणून बायफोकल घेतलेल्या मुलीचा नीटचा रस्ता तिच्या नकळत बंद झालेला असतो.

‘सायन्स घेऊन ठेव, नंतर कॉमर्सला जाता येतं’ हे पालकांचं वाक्य तुम्हाला दर बैठकीत ऐकू येईल. जाता येतं, खरं आहे. बारावी सायन्सनंतर बी.कॉम., बी.ए., लॉ, सीए सगळं खुलं असतं. पण त्यासाठी बारावी पास व्हावी लागते, आणि तीही जेमतेम नाही. राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशाला खुल्या गटात पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) ४५ टक्के लागतात, राखीव गटात ४०. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल असूनही बोर्डात इतके न मिळाल्याने बाहेर राहणारी मुलं दरवर्षी असतात. क्लासवाले बोर्डाकडे लक्ष देऊ नका म्हणतात, त्याचा हा परिणाम.

प्रवेश परीक्षांचा ढाचा एकदा फळ्यावर लिहून टाका, नावं ऐकून मुलं घाबरतात ती भीती कमी होते. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट: गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे, एकूण २००, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. जेईई मेन (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) ३०० गुणांची, नीट ७२० गुणांची. त्या दोन्हींत बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. सीईटी आणि जेईई यांची तयारी एकच नव्हे, हे इथेच कळतं. सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो, जेईईत अंदाजाने मारलेले तीर महागात पडतात.

पूर्ण मराठी माध्यमाची जी २९ मुलं आहेत, त्यांच्यातल्या विज्ञानाला जाणाऱ्यांची वेगळी यादी करा. अकरावीत ती गळतात ती बुद्धी कमी म्हणून नाही. पहिल्या दीड महिन्यात त्वरण, संवेग, विस्थापन, संयुजा या शब्दांचे इंग्रजी अवतार एकदम अंगावर येतात म्हणून. परीक्षा संपली की निकाल लागेपर्यंत मधले दोन महिने मोकळे असतात. तेवढ्यात दहावीचीच विज्ञानाची दोन पुस्तकं इंग्रजी माध्यमातून वाचायला लावा. मजकूर ओळखीचा असतो, त्यामुळे शब्द आपोआप लागतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. सोबत लॉग टेबल वापरायला शिकवा. बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि अकरावीत लॉग कुणी दोनदा समजावून सांगत नाही.

खिडकी_क्रमांक_४:

कागद आणि फॉर्म याबद्दल लिहिते. वरच्या विषयांइतकंच हेही महत्त्वाचं आहे, कारण गुण असूनही जागा जाते ती इथे.

सगळ्यात आधी नाव. बोर्डाचे परीक्षा अर्ज भरल्यावर शाळेला प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणी यादी, मिळते. ती नुसती सही करून परत पाठवू नका. प्रत्येक मुलाला त्याची ओळ स्वतः वाचायला द्या आणि आधार व शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहायला सांगा. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, जातीचा रकाना. इथे चूक सापडली तर दुरुस्ती दोन मिनिटांची. गुणपत्रिका छापून आल्यावर तीच दुरुस्ती वाशीच्या विभागीय मंडळात प्रस्ताव पाठवून करावी लागते, आणि तोवर प्रवेश फेऱ्या चालू असतात.

जातीचा दाखला. मुंबईतल्या घरांची खरी अडचण इथे आहे. दाखला कुठून मिळणार हे आज कुठे राहता यावर ठरत नाही. मानीव दिनांकाला (प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या जुन्या तारखेला) कुटुंबाचं वास्तव्य कुठे होतं, त्यावर ठरतं. महाराष्ट्रात त्या तारखा अशा: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा तेव्हा संगमेश्वरला किंवा पाटणला असतील तर दाखला तिथल्या प्रांत कार्यालयाचा, आणि पुढे पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे. पुरावा म्हणून त्या तारखेच्या आधीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा लागतो. म्हणून पालकांना जुलैतच सांगा: गणपतीला गावी जाल तेव्हा एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि तहसील कार्यालयात घालवा. मात्र कार्यालय उघडं असेल असा दिवस धरून जा, नाहीतर खेप फुकट जाते. दहावीच्या वर्षात दाखला हातात असला की बारावीत जात पडताळणीचा अर्ज वेळेत जातो. सीईटीच्या निकालानंतर धावपळ करून समितीकडून प्रमाणपत्र मिळत नाही.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, लवकर काढायची घाई नको. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. दहावीत काढलेलं तेव्हा संपलेलं असण्याची शक्यता जास्त. उत्पन्नाचा दाखलाही आर्थिक वर्षाचा असतो, एप्रिलनंतर नवा काढावा लागतो. उलट अधिवास प्रमाणपत्र एकदा काढलं की झालं, ते दिवाळीच्या सुट्टीत आपले सरकार पोर्टलवरून मागवून ठेवा.

राज्याचे आणि केंद्राचे नमुने वेगळे असतात, हे ठळक अक्षरांत लिहा. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्यात चालतं, जेईई आणि नीटच्या केंद्रीय जागांना नाही. ओबीसीची केंद्राची यादी आणि राज्याची यादी एक नाही. ईडब्ल्यूएसचाही (आर्थिक दुर्बल घटक) केंद्रासाठी वेगळा नमुना.

बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं. खात्याला आधार जोडलेला असणं आणि तेच खातं थेट लाभासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती दुसऱ्या नोंदीवर येते. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ असंच म्हणायचं.

आता अकरावीचा फॉर्म. २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, मुंबईला ते जुनंच. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त १०. मुलं चुकतात ती इथे:

मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा किंवा मामाचा. ओटीपी तिकडे जातो, पासवर्ड हरवतो. घरातला कायम चालू राहणारा एकच नंबर आणि मुलाचा स्वतःचा ईमेल हवा. दोन्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला लावा.

कोड. एकाच कॉलेजात कॉमर्स अनुदानितचा कोड वेगळा, विनाअनुदानितचा वेगळा, स्वयंअर्थसहाय्यितचा आणखी वेगळा. नाव सारखंच दिसतं, फीमध्ये मात्र काही शे रुपये ते काही दहा हजार एवढा फरक असतो. कोडशेजारी फी लिहिल्याशिवाय पसंती भरायची नाही.

पहिली पसंती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘मित्राने टाकलंय’ असं कॉलेज तिथे नको. पण उलट भीतीही नको. वरती अवघड कॉलेज लिहिल्याने खालचं हुकत नाही. यंत्रणा तुमच्या गुणांवर यादीतलं जे सगळ्यात वरचं बसतं तेच देते. ७९.६ टक्क्यांच्या मुलीने गेल्या वर्षीच्या आपल्या प्रवर्गाच्या कटऑफनुसार ८१ ते ८४ची तीन, ७७ ते ७९ची चार आणि ७५च्या खालची तीन अशी यादी करावी. दहाही ८५च्या वरची टाकली की पहिल्या दोन फेऱ्या कोरड्या जातात.

आणखी एक, कटऑफ इतका वर का हे मुलांना कळत नाही आणि ती खचतात. मुंबईतली बरीच नामांकित कॉलेजं भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत. समजा १२० जागा. अल्पसंख्याक कोटा ५० टक्के म्हणजे ६०, इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांचा कोटा) १० टक्के म्हणजे १२, व्यवस्थापन ५ टक्के म्हणजे ६. केंद्रीय फेरीला उरल्या ४२. कोट्यात न भरलेल्या जागा संस्था पुढे परत करतात, म्हणून नंतरच्या फेऱ्यांत कटऑफ खाली येतो. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पोरीने रडत बसायचं कारण नाही.

प्रवास पण यादीत लिहा. कॉमर्सची तुकडी सकाळी सातला सुरू होते, विज्ञानाची प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत चालतात. परळहून दोन वेळा गाडी बदलावी लागणारं कॉलेज दोन टक्क्यांनी ‘चांगलं’ असलं तरी नोव्हेंबरनंतर हजेरी पडते.

दहावी_ब:

प्री-लिस्टचं आणि लेखी ८० चं फार उपयोगी आहे, या शनिवारीच घेते. निम्मा वर्ग कॉमर्सला जाईल असा अंदाज आहे आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे ‘बी.कॉम. नाहीतर सीए’ यापलीकडे काही नाही. आर्ट्सचं नाव काढलं की पालक नाराज होतात. आणि मुलींच्या फीमाफीबद्दल नक्की काय आहे?

चर्नी_रोड:

कॉमर्समध्ये पहिलाच निर्णय चुकतो: मॅथ्स की एसपी. सेक्रेटरीअल प्रॅक्टिस सोपं म्हणून बहुतेक मुलं गणित सोडतात. सीए फाउंडेशनला चार पेपर असतात, १०० गुणांचे. तिसरा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा, त्यात व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ४०० पैकी २०० मिळाले तरच पास. शेवटचे दोन पेपर बहुपर्यायी, तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. बारावीपर्यंत गणित न केलेली मुलं याच तिसऱ्या पेपरात अडकतात. शिवाय संख्याशास्त्र, डेटा सायन्स, ॲक्चुरिअल (विम्यातल्या जोखमीचं गणित) या पदव्यांना बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित लागतं. दहावीला गणितात लेखी निम्म्याच्या वर असतील तर गणित ठेवावं, असं मी सांगेन.

सीएची नोंदणी दहावीनंतर होते, परीक्षा बारावीनंतर. सध्या फाउंडेशन वर्षातून तीनदा असते आणि परीक्षेच्या चार महिने आधी नोंदणी लागते. मे महिन्याच्या परीक्षेसाठी १ जानेवारी, सप्टेंबरसाठी १ मे, जानेवारीसाठी १ सप्टेंबर. बारावीचा निकाल पाहून नोंदणी करू म्हणणाऱ्याची मेची आणि सप्टेंबरची अशा दोन संधी जातात. नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) दोन वर्षांची आहे, आणि ती करताना विद्यावेतन मिळतं. फी भरू न शकणाऱ्या घरांना हे मुद्दाम सांगा.

बीएमएस, बीबीए, बीसीए यांना २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. त्यानंतर मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसच्या जागी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) सुरू केलं, त्याला सीईटी नाही. मुलं जाहिरातीतलं नाव वाचतात आणि सीईटीची मुदत निघून जाते, म्हणून पदवीचं पूर्ण नाव वाचायची सवय लावा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत जायचं तर आधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, मग प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा. बारावीतले अर्धे गोंधळ या दोन पायऱ्या एकच समजल्यामुळे होतात.

आर्ट्सबद्दल पालकांशी वाद घालू नका. पाच वर्षांचं लॉ कोणत्याही शाखेतून होतं, खुल्या गटाला बारावीत ४५ टक्के आणि सीईटी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शाखेची अट नाही. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठीची यूसीईईडी परीक्षाही कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. एमपीएससी, यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. हे सांगितल्यावर मग त्यांना विचारा, तुमच्या मुलाला मराठीत ८८ आणि समाजशास्त्रात ८४ आहेत, गणितात ६४ आहेत, त्याला कुठे पाठवायचं? गुणपत्रिका त्यांच्या हातात असू द्या.

मुलींची फीमाफी: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची आहे: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. डेव्हलपमेंट फी आणि वसतिगृह वेगळं पडतं. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. इंजिनीअरिंगला टीएफडब्ल्यूएस म्हणून ५ टक्के जादा जागा असतात, शिकवणी शुल्क पूर्ण माफ, पण त्यांचा कोड वेगळा असतो आणि पसंतीत तो स्वतंत्र भरावा लागतो. तो न भरल्यामुळे पात्र मुलं पूर्ण फी भरतात.

जातां जातां क्लासबद्दल. दहावीच्या निकालाआधी कुणीही दोन वर्षांची फी एकरकमी भरू नये. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. माध्यमिक परीक्षेआधी नोंदणी नको, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, असं त्यात आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. तरी पावतीवर परताव्याची अट लिहून मागायला त्यांचा आधार होतो.

फिटर:

तीन उत्तरं झाली तरी पॉलिटेक्निक आणि आयटीआय आलंच नाही, म्हणून लिहितो. दोन्ही दहावीनंतर लगेच आहेत आणि दहावीच्या वर्गाला तीच माहिती नसते.

वर्षांचा हिशेब फळ्यावर मांडा. अकरावी-बारावी दोन, अधिक इंजिनीअरिंग चार, एकूण सहा. डिप्लोमा तीन, अधिक थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन, तेही सहा. दुसऱ्या वाटेत सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश. आणि तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरीलायक पात्रता असते, घर अडचणीत आलं तर तिथे थांबता येतं. मुंबईत वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले डिप्लोमा, विलेपार्ल्याचं भागुभाई मफतलाल पॉलिटेक्निक ही ठिकाणं पाहण्यासारखी.

तोटाही सांगा. पहिल्याच वर्षी अप्लाइड मॅथ्स इंग्रजीतून येतं, मराठी माध्यमाची मुलं तिथे नापास होतात आणि वर्ष अडकतं. आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर बारावीवाल्या मुलांनी वर्षभर केलेलं गणित यांचं राहिलेलं असतं. त्याची तयारी डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीतच करावी लागते.

अर्ज अकरावीपेक्षा वेगळ्या पोर्टलवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो अकरावीला जमा केला आणि मग डिप्लोमाला नंबर लागला, की तो सोडवून आणण्यात मुदत जाते. डिप्लोमा हवा असणाऱ्यांनी दोन्हींच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि मूळ दाखला कधी, कुठे द्यायचा ते आधी ठरवावं.

आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर रेल्वेचं परळ वर्कशॉप, पुढे माटुंगा वर्कशॉप. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीची गुणवत्ता यादी दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर लागते आणि दहावीत किमान ५० टक्के लागतात, लेखी परीक्षा नसते. म्हणजे ‘आयटीआयलाच जायचंय, दहावीत कशाला घासायचं’ हे म्हणणं साफ चुकीचं. ४८ टक्क्यांचा मुलगा त्या यादीत येतच नाही.

आणखी एक गोष्ट या वर्षातच करा, तिला पैसे लागत नाहीत: रंगांधळेपणाची तपासणी. मर्चंट नेव्ही, वैमानिक, रेल्वेत लोको पायलट, या सगळ्यांत लाल-हिरवा नीट न ओळखणारा उमेदवार वैद्यकीय तपासणीत बाद होतो. दोष जन्मजात असतो, मुलग्यांत जास्त आढळतो आणि घरी कुणाला पत्ताही नसतो. दोन-तीन वर्षं तयारी करून, फी भरून शेवटच्या दिवशी कळतं. दहावीत कळलं तर त्याच आवडीतली दुसरी वाट निवडता येते.

दहावी_ब:

ही तपासणी शाळेत करता येईल का? पुस्तक मिळालं तर मीच घेऊ शकते का?

फिटर:

चाळणी म्हणून घेता येईल. इशिहारा नावाचं आकड्यांच्या ठिपक्यांचं पुस्तक असतं. जवळच्या पालिका रुग्णालयाच्या नेत्र विभागाला मुख्याध्यापकांच्या पत्राने विचारा, शाळा तपासणीला येतात तेव्हा ते सोबत आणतात. मोबाइलच्या पडद्यावर किंवा झेरॉक्सवर करू नका, रंग बदलतात. खिडकीशी दिवसाच्या उजेडात, थेट ऊन नको, ट्यूबलाइट बंद. पान साधारण ७५ सेंटीमीटरवर धरायचं, एका पानाला तीन सेकंद. चष्मा असेल तर लावून. एकेकाला आत बोलवा, बाकीचे बाहेर, नाहीतर मागचा पुढच्याचे आकडे पाठ करतो. जो अडखळेल त्याला वर्गात काही बोलायचं नाही, पालकांना वेगळं बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यायची. शाळेत चुकला म्हणजे दोष आहेच असं नाही, आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम.